मुंबईतलं घर विकताय? ब्रोकर ठरवण्याआधी भाव ठरवा

घर विकायचं ठरलं की घरात पहिला वाद दलालीवरून होतो. "दीड-दोन लाख फुकट कशाला घालवायचे, आपणच विकू," असं एक जण म्हणतो. "रोज संध्याकाळी अनोळखी माणसांना बेडरूम दाखवत कोण फिरणार?" असं दुसऱ्याचं म्हणणं. दोघांचंही खरं असतं, म्हणून वाद मिटत नाही.

हाउसिंग सोसायटीच्या कमिटीत बरीच वर्षं काढल्यामुळे फ्लॅट ट्रान्सफरच्या फायली माझ्या हाताखालून जातात. ब्रोकरकडून झालेले व्यवहार पाहिले, थेट झालेलेही पाहिले. ज्यांनी गमावलं, त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती: आपल्या घराचा खरा भाव कळायच्या आत ते समोरच्याशी बोलायला बसले. मग समोर ब्रोकर होता की थेट गिऱ्हाईक, याने फार फरक पडला नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात ब्रोकरचा निर्णय बराच उशिरा येतो. तो तसाच येऊ द्या.

दलालीचा हिशेब

मुंबईत रीसेलला ब्रोकर साधारण १ ते २ टक्के घेतो, आणि तेही विकणाऱ्याकडून वेगळे, घेणाऱ्याकडून वेगळे. दोन ब्रोकर असतील तर ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून घ्यायचं. याला त्यांच्यात 'साइड बाय साइड' म्हणतात. ब्रोकर जीएसटी नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के जीएसटी.

दीड कोटीचा फ्लॅट धरा. १ टक्का म्हणजे दीड लाख, जीएसटीसकट १ लाख ७७ हजार. २ टक्के म्हणजे ३ लाख, जीएसटीसकट ३ लाख ५४ हजार. रक्कम मोठी आहे, नाही कशाला म्हणा. पण हाच फ्लॅट १ कोटी ५८ लाखांना जाऊ शकत होता आणि तुम्ही दीडला सोडलात, तर ८ लाख गेले आणि गेल्याचं तुम्हाला कधी कळणारही नाही. दलाली डोळ्यांना दिसते, म्हणून ती जास्त टोचते.

उलट बाजूही बघा. १ टक्का घेणाऱ्या ब्रोकरला दीड कोटीचा सौदा १ कोटी ४५ लाखांवर आला तर किती तोटा? फक्त पाच हजार. तुमचे पाच लाख. त्यामुळे भाव ताणून आणखी दोन महिने थांबण्यात त्याला रस नसतो, आजच टोकन, म्हणजे बयाणा, व्हावं यात असतो. यात लबाडी असेलच असं नाही. त्याच्या धंद्याचं गणितच तसं आहे. ते डोक्यात ठेवून त्याचं ऐकायचं, इतकंच.

आणि थेट विकलं तर सगळी दलाली आपल्याच खिशात राहते, हाही भ्रम. थेट येणाऱ्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं की तुमचे दीड लाख वाचतायत. "काका, ब्रोकर नाहीये, मग थोडं कमी करा ना," हे वाक्य येणारच. वाचलेल्या दलालीतला थोडा वाटा बहुतेक वेळा त्याच्याकडे जातो.

पहिला टप्पा: फाईल बाहेर काढा

पोर्टलवर फोटो टाकण्याआधी कपाटातली फाईल उघडा. हे काम कुठलाच ब्रोकर तुमच्यासाठी करत नाही, आणि सौदे सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

काय काय हवं: बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे मूळ करारनामे, म्हणजे बँकवाले ज्याला 'चेन' म्हणतात ती. प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी खात्याकडचा त्या दस्ताचा गोषवारा. तुमच्या नावावर चढवलेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राची प्रत. महापालिकेची मालमत्ता कराची पावती, विजेचं बिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. कर्ज चालू असेल तर बँकेकडून किती रक्कम उरली त्याचं पत्र आणि बँकेत जमा असलेल्या कागदांची यादी.

चेनमधला एखादा जुना करारनामा हरवला असेल तर आत्ताच हालचाल करा. पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत. यात आठवडे जातात. टोकन घेतल्यावर हे उघडं पडलं की गिऱ्हाइकाची बँक हात वर करते आणि भाव पाडायला गिऱ्हाइकाला आयतं कारण मिळतं.

सगळ्यात अवघड फाईल असते ती वडिलांच्या नावावरच्या घराची. वडील गेले, नॉमिनी आई किंवा मोठा मुलगा, सोसायटीत नाव चढलं, आणि सगळ्यांना वाटतं घर त्याचं झालं. तसं होत नाही. नॉमिनीकडे घर वारसांच्या वतीने येतं, मालकी वारसांची राहते. मृत्युपत्र नसेल तर बाकीच्या वारसांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं किंवा सगळ्यांनी मिळून विक्रीच्या करारावर सह्या कराव्या लागतात. एक बहीण परदेशात असेल तर तिचं कुलमुखत्यारपत्र आणणं आलं. असं प्रकरण असेल तर ब्रोकर घ्यावा का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी वकील गाठा. "साहेब, पेपर का टेन्शन मत लो, हम करवा देंगे" म्हणणारा ब्रोकर भेटेल. त्याला नमस्कार करून पुढे जा.

घर पागडीचं (जुन्या भाडेहक्काचं), म्हाडाचं किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं असेल तर नियम वेगळे. पागडीत घरमालकाचा वाटा आणि संमती लागते. म्हाडा आणि पुनर्वसनाच्या घरांना विकण्याआधीची मुदत आणि परवानगी हे दोन्ही तपासावं लागतं. गिरगाव-लालबागकडच्या पागडीच्या खोल्या विकायच्या तर त्याच व्यवहारांत मुरलेला स्थानिक एजंट जवळपास अपरिहार्य असतो. घेणाराही तिथे त्याच्याच ओळखीने येतो.

दुसरा टप्पा: भाव स्वतः काढा

शेजारी काय म्हणतो, पोर्टलवर काय लिहिलंय, ब्रोकर काय सांगतो, हे सगळे मागण्याचे भाव. विकले गेलेले भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या 'ई-सर्च' या सेवेत मिळतात, तेही फुकट. साइट अधूनमधून अडते, कॅप्चा दोन-तीनदा टाकावा लागतो, पण काम होतं. वर्ष, मुंबई शहर की उपनगर, गावाचं नाव आणि तुमच्या जमिनीचा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाका. हा क्रमांक तुमच्या करारनाम्यात 'अनुसूची' नावाच्या परिच्छेदात असतो. त्या जमिनीवरचे त्या वर्षातले सगळे नोंदलेले दस्त समोर येतात. शेजारच्या इमारतींचे सिटीएस क्रमांक मिळवून तेही बघा.

यादीत 'लिव्ह अँड लायसन्सेस'चे, म्हणजे भाडेकराराचे, दस्त भरमसाट असतात. ते सोडा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र हेही सोडा, कारण घरातल्या घरात झालेल्या व्यवहारातून बाजाराचा भाव कळत नाही. 'करारनामा' आणि 'सेल डीड' एवढेच उघडा.

इंडेक्स टू उघडल्यावर दुसऱ्या क्रमांकावर 'मोबदला' आणि तिसऱ्या क्रमांकावर 'बाजारभाव' दिसेल. गोंधळ इथेच होतो. 'बाजारभाव' म्हणजे सरकारी रेडी रेकनरने काढलेली किंमत. प्रत्यक्ष सौदा 'मोबदला' या रकान्यात असतो. चौथ्या रकान्यात फ्लॅट क्रमांक, मजला, इमारत आणि पार्किंगचा उल्लेख असला तर तोही. पाचव्यात क्षेत्रफळ, बहुधा चौरस मीटरमध्ये. खाली दस्ताची तारीख.

आता हिशेब. समजा तुमच्याच इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट १ कोटी ४२ लाखांना गेला आणि क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर लिहिलंय. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ४८४ फूट. भाव साधारण २९,३०० रुपये फूट. पण थांबा, ते ४५ मीटर कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून)? जुन्या दस्तांत बिल्ट-अप लिहिण्याची पद्धत होती आणि ते कार्पेटच्या साधारण १.२ पट धरलं जायचं. तसं असेल तर कार्पेट ४०४ फुटांच्या आसपास येतं आणि भाव ३५ हजारांच्या वर जातो. एका शब्दाने फुटामागे जवळपास सहा हजारांचा फरक पडला. म्हणून आपल्या घराचं कार्पेट टेपने मोजून घ्या आणि सगळे भाव कार्पेटवरच आणा. सुपर बिल्ट-अप (जिना-लिफ्टचा वाटाही धरून) हा शब्द कुणी काढला तर विषय बदला.

असे गेल्या दीड-दोन वर्षांतले पाच-सात व्यवहार मिळाले की पट्टा दिसायला लागतो. त्यात मजला, पार्किंग, लिफ्ट, रस्त्याकडची बाजू, वरच्या मजल्याची गळती अशी कमी-जास्ती करा. एक खबरदारी: काही व्यवहारांत थोडी रक्कम रोखीत दिली जाते, मग नोंदलेला मोबदला खऱ्यापेक्षा कमी असतो. इतरांपेक्षा फारच कमी दिसणारा आकडा बाजूला काढा. आणि स्वतः त्या वाटेला जाऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तितकाच दंड होऊ शकतो.

इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर इंडेक्स टूचा आकडा अपुरा पडतो. चर्चा, बिल्डरची निवड, करारावर सह्या आणि घरं रिकामी करणं, या प्रत्येक पायरीला भाव बदलतो. जनरल बॉडीत नुसता ठराव झाला म्हणून नव्या फ्लॅटच्या भावाने मागायला जाल तर कुणी फिरकणार नाही. अशा इमारतीत मात्र जवळपासच्या सोसायट्यांचे पुनर्विकासातले व्यवहार केलेला ब्रोकर उपयोगी पडतो. किती वाढीव जागा, किती भाडं, किती कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) हे त्याला तोंडपाठ असतं.

तिसरा टप्पा: ब्रोकरचं काम फोडून बघा

ब्रोकर नेमकं करतो काय? गिऱ्हाईक आणतो. त्यातले नुसते बघे गाळतो. घर दाखवतो. भावाची घासाघीस अंगावर घेतो. टोकन ते नोंदणी या काळात दोन्हीकडच्यांना फोन करत राहतो. शेवटची दोन कामं लोक कमी लेखतात. घासाघिशीत तुम्हाला नाही म्हणायचा संकोच वाटत असेल, समोरच्याने "आई आजारी आहे, लवकर शिफ्ट व्हायचंय" म्हटलं की तुम्ही विरघळत असाल, तर मध्ये माणूस असलेला बरा. स्वतःशी प्रामाणिक राहून हे ठरवा.

थेट विकणं मला कुठे सोपं वाटतं? जिथे गिऱ्हाईक आधीच दारात आहे. शेजारच्या फ्लॅटवाल्याला भिंत पाडून जोडी फ्लॅट करायचा असेल तर तो बाहेरच्यापेक्षा जास्तही देऊ शकतो. त्याला पहिलं विचारा. भाडेकरू कुटुंब पाच वर्षं राहतंय, मुलांची शाळा समोर आहे, त्यांनाही विचारा. सोसायटीतच कुणाला मुलासाठी घर हवं असतं. स्टेशनपासून चालत अंतरावरचा, कागद स्वच्छ असलेला वन बीएचके किंवा टू बीएचके असेल, तुम्ही संध्याकाळी आणि रविवारी घरी असाल, तर स्वतः प्रयत्न करण्यात काही गमवत नाही.

ब्रोकर घ्यावाच असं कुठे वाटतं? घर बंद आहे आणि तुम्ही पुण्यात किंवा परदेशात. आई-वडील एकटे राहतात आणि अनोळखी लोकांना घरात घ्यायची त्यांची तयारी नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत सुरक्षिततेपुढे दीड लाखाची बचत मी मोजत नाही. घर तीन-चार कोटींच्या वरचं आहे, जिथे गिऱ्हाईक मोजके आणि ते ब्रोकरमार्फतच हिंडतात. किंवा तुम्हाला ठरलेल्या तारखेच्या आत पैसे हवेतच.

भाचा किंवा मेहुणा "मी बघतो तुमचं" म्हणत असेल तर? काम करणारा असेल तर त्याला व्यवस्थित दलाली द्या आणि बाकीच्या ब्रोकरसारखंच पत्र करा. फुकटात नको. फुकटात काम करणाऱ्याला तुम्ही जाब विचारू शकत नाही, आणि दिवाळीला मात्र तोंड दाखवायचं असतं.

चौथा टप्पा: आधी महिनाभर स्वतः

वरच्या ज्यांना ब्रोकर लागणारच आहे ते सोडून बाकीच्यांनी तीन-चार आठवडे स्वतः करून बघावं, असं माझं मत. शेजारी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, मुलांच्या शाळेचे पालक, ऑफिस. मग पोर्टल: मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग, नोब्रोकर. फोटो दिवसाउजेडी, पडदे सारून, ओट्यावरची भांडी आवरून. देवघराचा आणि पोरांचा फोटो टाकू नका. कार्पेट, मजला, पार्किंग, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. वेगळा मोबाइल नंबर घेता आला तर घ्या, कारण पहिल्या दोन दिवसांत येणारे बहुतेक फोन ब्रोकरांचेच असतील. कुणी "मी स्वतःसाठी बघतोय" म्हणेल आणि चौथ्या वाक्याला "माझ्याकडे एक पार्टी आहे" निघेल. चिडू नका, नावं टिपून ठेवा. पुढच्या टप्प्यात तीच यादी कामाला येते.

खऱ्या गिऱ्हाइकाला घर दाखवायच्या आधी फोनवरच दोन गोष्टी विचारा. पहिली: आधी स्वतःचं घर विकायचंय का? "आमचं डोंबिवलीचं विकलं की लगेच" म्हणणारा प्रामाणिक असतो, पण त्याच्या 'लगेच'ला सहा महिने लागू शकतात. दुसरी: स्वतःचे पैसे किती? ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त घराच्या किमतीच्या ७५ टक्के देते, आणि मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. दीड कोटीच्या घराला त्याला स्वतःचे साडेसदतीस लाख लागणार. वर मुंबईत ६ टक्क्यांनी ९ लाख मुद्रांक शुल्क (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), आणि ३० हजार नोंदणी फी. म्हणजे सुमारे ४७ लाख हातात हवेत. "लोन करणार आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. बँकेचं मंजुरीपत्र आहे का ते विचारा. ब्रोकर जे गाळण्याचं काम करतो ते बरंचसं या दोन प्रश्नांत होतं.

वेळेचंही भान ठेवा. पितृपक्षात फोन थंडावतात, त्याचा अर्थ तुमचा भाव चुकला असा लावू नका. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेच्या आसपास लोक टोकन द्यायला उत्सुक असतात. शाळकरी मुलांची घरं उन्हाळ्याच्या सुट्टीत हलायला बघतात. पावसाळ्यात भिंतीला ओल दिसली की दहा लाख उतरवूनच बोलणी सुरू होतात. गळती असेल तर आधी दुरुस्त करा, नुसता रंग मारू नका.

महिन्यात बरे गिऱ्हाईक आलेच नाहीत तर एक तर भाव जास्त आहे किंवा पोच कमी आहे. बघायला बरेच आले आणि कुणी आकडा बोललं नाही, तर भाव. बघायलाच कुणी आलं नाही, तर पोच. पोच वाढवायला ब्रोकर.

पाचवा टप्पा: ब्रोकर निवडणं आणि बांधणं

पहिल्या फोनवर ब्रोकर विचारेल, "साहेब, अपेक्षा किती?" उत्तर देऊ नका. उलट विचारा: "आमच्या गल्लीतले वर्षभरातले तीन सौदे सांगा, मजल्यासकट." जो त्या भागात खरंच काम करतो तो न अडखळता सांगतो, कुठे पार्किंग होतं, कुठे नव्हतं तेही. तुमच्याकडे इंडेक्स टू आहेतच, ताडून बघा. "मार्केट एकदम अप है सर, आप रेट बोलो" असं उत्तर आलं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रश्न सावधपणे ऐका: "तुम्हाला नेट किती पाहिजेत?" याचा अर्थ बऱ्याचदा असा की तुमचे १ कोटी ४५ तुम्हाला, वर जे मिळेल ते त्याचं. हे मान्य करू नका. दलाली टक्क्यात, आणि गिऱ्हाईक नेमकं काय देतंय हे तुम्हाला समोरासमोर कळलं पाहिजे.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, एजंटची नोंदणी आहे का ते त्यांच्या साइटवर बघा. कायद्याने ही नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी लागते, जुन्या इमारतीतल्या रीसेलला ती लागू होत नाही. तरीही नोंदणीकृत माणूस बरा. २०२३ सालच्या आदेशाने महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली, आणि कुठेतरी त्याचं नाव-पत्ता नोंदलेला असतो हेही काही कमी नाही.

दहा ब्रोकरांना घर देणं ही मुंबईतली सर्रास चूक. तोच फ्लॅट पोर्टलवर दीड कोटी, एक पंचेचाळीस आणि एक साठला झळकतो. गिऱ्हाईक हुशार असतं, ते सगळ्यात खालचा आकडा धरून बसतं आणि वर विकणारा अडचणीत आहे असं समजतं. एक किंवा फार तर दोन ठेवा. ब्रोकरांचे आपसात व्हॉट्सॲप ग्रुप असतात. 'साइड बाय साइड'ला तयार असलेला एक चांगला ब्रोकर तुमचं घर बाकीच्यांपर्यंत नेतोच. मात्र हे त्याला आधी विचारा. काही जण दोन्हीकडची दलाली एकट्याने मिळावी म्हणून दुसऱ्या ब्रोकरचं गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत येऊच देत नाहीत.

मग एक पानाचं पत्र करा, दोघांच्या सह्यांचं. ब्रोकर कुरकुरेल, "इतने साल से धंदा कर रहा हूँ, विश्वास पे चलता है" म्हणेल. करा तरीही. त्यात काय असावं:

- दलाली किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा, आणि ती चेक किंवा बँक ट्रान्सफरनेच.
- टोकनवर काही नाही. निम्मी नोंदणीच्या दिवशी, निम्मी पूर्ण पैसे तुमच्या खात्यात आल्यावर.
- मुदत ६० किंवा ९० दिवस. एकट्यालाच घर दिलं असेल तर तेही लिहा, आणि तुम्ही स्वतः आणलेल्या शेजाऱ्या-नातेवाइकांवर दलाली नाही, हेही.
- पोर्टलवर तुम्ही ठरवलेलाच भाव.
- त्याने आणलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख तुम्हाला मेसेजवर.

शेवटचा मुद्दा त्याच्याही भल्याचा आहे. त्याने दाखवलेल्या माणसाला मागच्या दाराने बोलावून ब्रोकरला कट करणारे लोक आहेत, आणि मला ते पटत नाही. मुदतीत त्याने आणलेल्या माणसाने नंतर घेतलं तरी दलाली द्यायची, हे स्वच्छ लिहून टाका. आणि जो खरेदीदार तुम्हाला ब्रोकर कापायला सुचवतो, तो उद्या शेवटच्या हप्त्याला तुम्हालाही कापायला बघेल.

बंद घराची किल्ली ब्रोकरकडे देऊ नका. शेजाऱ्याकडे ठेवा, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक भेटीची नोंद करायला सांगा.

सहावा टप्पा: टोकनपासून पुढे, ब्रोकर असला तरी

इथून पुढचं काम वकिलाचं आणि तुमचं. थेट सौदा असेल तर वकील आधीच ठरवा. दलालीपेक्षा त्याची फी बरीच कमी असते, आणि ती वाचवण्यात काही अर्थ नाही.

टोकन घेताना साधी पावती पुरत नाही. एकूण किंमत, नोंदणी कधीपर्यंत, खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत की जप्त, सोसायटीचा ट्रान्सफर खर्च कोणाचा, पंखे-एसी-किचन ट्रॉली जातात की राहतात, हे लिहा. ट्रॉलीवरून मोडायला आलेले सौदे मी पाहिलेत.

सोसायटीला विक्रीच्या इराद्याची नोटीस वेळेत द्या. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, वर ५०० रुपये ट्रान्सफर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. 'बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी' मागितली तर ती ऐच्छिकच आहे. हे आमच्यासारख्या कमिटीवाल्यांनीही लक्षात ठेवायला हवं.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरतो. दीड कोटीला दीड लाख. ही रक्कम तुमचीच, फक्त तुमच्या पॅनवर जमा झालेली दिसायला हवी. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कपात खूप मोठी होते, तिथे सीएशी आधीच बोला.

ताबा, म्हणजे किल्ली, पूर्ण पैसे आल्यावरच. गिऱ्हाइकाची बँक नोंदणीनंतर रक्कम सोडते, मधले काही दिवस जातात. त्या दिवसांत "रंगकामासाठी किल्ली द्या, पाडव्याला कलश ठेवायचाय" अशी गळ येते. ब्रोकरही त्यात सामील होतो, त्याची उरलेली निम्मी दलाली अडकलेली असते. कलश ठेवायला दार उघडून द्या आणि संध्याकाळी कुलूप लावा.

पैसे आले की मीटर रीडिंगचा फोटो, महानगर गॅसचं नाव बदलण्याचा अर्ज, मेंटेनन्स बिलाची तारीखवार वाटणी. ब्रोकरकडून नावानिशी बिल मागून घ्या. दलाली आणि तुम्ही दिलेला ट्रान्सफरचा खर्च भांडवली नफा काढताना विक्रीच्या रकमेतून वजा होतो, पण त्यासाठी सीएला बिल आणि बँकेची नोंद दाखवावी लागते. घर दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलं असेल तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यातला कमी बसेल तो. नव्या घरात नफा गुंतवायचा असेल तर तयार घरासाठी विक्रीनंतर दोन वर्षं, बांधण्यासाठी तीन. विवरणपत्र भरायच्या तारखेपर्यंत घर मिळालं नाही तर उरलेली रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात टाकावी लागते, साध्या एफडीत नाही.